भाच्याचा मित्र कम्प्रेसर बनवतोय, दहा लाख टाकू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी चिंचवडचा, आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं आणि आता रिटायर झालोय. भाच्याचा एक इंजिनिअर मित्र आहे, त्याची भोसरी एमआयडीसीत छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, ते गॅस कम्प्रेस करायचं नवीन मशीन डेव्हलप करतायत. सीएनजीला चालेल, बायोगॅसला चालेल आणि पुढे हायड्रोजनलाही चालेल म्हणतात. नेहमीच्या मशीनपेक्षा वीज 30 टक्के कमी लागते असा दावा आहे, पेटंट पेंडिंग आहे. मी शेडवर जाऊन डेमो पण बघितला, मशीन छान चाललं, आवाज पण कमी. दहा लाख टाका म्हणतात, त्यातले दोन कॅशमध्ये दिले तरी चालतील, दोन वर्षांत एसएमई आयपीओ येणार (म्हणजे छोट्या कंपनीचे शेअर बाजारात विक्रीला) आणि तोपर्यंत वर्षाला 15 टक्के नक्की. मुलगा नको म्हणतोय, भाचा हो म्हणतोय. काय करू?

उत्तर : काका, आधी मशीनचं बोलू, पैशाचं नंतर, कारण पैशाचं उत्तर बरंचसं मशीनमध्येच आहे.

डेमो बघून आलात हे छान केलंत. पण तिथं पॅनलवर एक छोटा मीटर असतो, आवर मीटर, मशीन जन्मापासून एकूण किती तास चाललं ते त्यात दिसतं, तो बघितलात का? तीनशे तास आणि आठ हजार तास यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्षाचे तास होतात 8760. सीएनजी पंपावरचं मशीन रात्री दोन-चार तास सोडले तर दिवसभर चालू-बंद चालू-बंद होत असतं, आणि पिस्टन रिंग, रॉड पॅकिंग, वाल्व्हच्या प्लेटा हे सगळं झिजायला लागतं काही हजार तासांनंतर. अर्धा तासाच्या डेमोत कुठलंही मशीन छानच चालतं हो, तुम्हाला टूलरूमवाल्याला हे मी सांगायला नको.

आता 30 टक्क्यांचं बघू. गॅस दाबला की तापतो, सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम लागतो तसंच. 30 डिग्रीचा नॅचरल गॅस एका दणक्यात चौपट दाबला तर साधारण 140 डिग्रीला बाहेर येतो, आणि एकदम 200 पट दाबायला गेलात तर कागदावर सातशेच्या वर जातो, म्हणून तर मशीनमध्ये तीन-चार स्टेज म्हणजे टप्पे असतात आणि प्रत्येक स्टेजनंतर कूलर असतो. तापलेला गॅस दाबायला जास्त जोर लागतो म्हणजे जास्त वीज, म्हणून प्रत्येक नवीन कंपनी हेच सांगते की आम्ही गॅस तापूच देत नाही, दाबता दाबता थंड ठेवतो. कोणी आत द्रव फिरवतं, कोणी पिस्टन हळू चालवतं, कोणी आणखी काही. यात खोटं काही नाही, फिजिक्स बरोबर आहे. पण जुनी मशीनं तरी कुठं इतकी वाईट आहेत ते बघा ना. पाइपलाइनमधून 19 बारला (बार हे दाबाचं माप) गॅस येतोय आणि तो 250 बारला कॅस्केडमध्ये, म्हणजे पंपावरच्या साठवणीच्या सिलिंडरांत, भरायचाय असं धरा, तर अजिबात तापू न देता दाबला तर किलोमागे साधारण 0.1 युनिट वीज लागते, याच्या खाली निसर्गच जाऊ देत नाही. आणि तीन स्टेजचं नेहमीचं मशीन, मधले कूलर नीट असतील तर कागदावर याच्यापेक्षा दहा-अकरा टक्केच जास्त खातं. म्हणजे गॅस थंड ठेवून मिळण्यासारखं जे काही आहे ते एवढंच. बाकीची वीज जाते वाल्व्हमधून गॅस ओढताना, रिंगमधून गळताना, बेअरिंगमध्ये, मोटरमध्ये. तेव्हा 30 टक्के वाचतात म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा की कुठल्या मशीनच्या तुलनेत? सक्शन म्हणजे आत येताना प्रेशर किती, डिस्चार्ज म्हणजे बाहेर जाताना किती, एका किलोमागे युनिट किती, आणि मोजलं कोणी? तुमच्याच मीटरवर तुम्हीच मोजलंत की बाहेरच्या कोणी येऊन मोजलं? समोर ठेवलेलं जुनं मशीन घासून घासून गेलेलं असेल तर 30 काय 40 टक्के पण वाचतील.

बरं समजा वाचले 30 टक्के. गणितापुरतं धरा की एक पंप दिवसाला 5000 किलो गॅस विकतो आणि किलोला 0.2 युनिट लागतं, म्हणजे हजार युनिट. त्यातली 300 वाचली, दहा रुपये दराने दिवसाचे तीन हजार. छान. आता ते मशीन एक दिवस बंद पडलं. किलोमागे दहा रुपये सुटतात धरले तर पन्नास हजार गेले, म्हणजे सोळा-सतरा दिवसांची बचत एका दिवसात धुतली, आणि बाहेर रिक्षांची लाइन हायवेपर्यंत, त्यांच्या शिव्या वेगळ्या. म्हणून गॅस कंपनीचा मेंटेनन्सवाला माणूस नवीन मशीन घ्यायचं म्हटलं की वीज किती वाचते हे शेवटी विचारतो. आधी विचारतो की स्पेअर कुठून येणार, रात्री दोनला फोन कोण उचलणार, आणि हे दुसरीकडे किती तास चाललंय? सरकारी कंपन्यांच्या टेंडरमध्ये तर अमुक इतके तास चाललेल्या मशीनचा दाखलाच मागतात. स्टार्टअपना अनुभवाच्या अटीत सूट मिळू शकते, पण क्वालिटी आणि टेक्निकल अटी पाळूनच, आणि साहेबाच्या मनातली भीती काही सर्क्युलरने जात नाही.

तेव्हा काका परत एकदा शेडवर जा आणि या वेळी मशीन चालू करायला नाही तर खोलायला सांगा. वाल्व्ह काढून दाखवा म्हणा, जुन्या रिंगा कुठं ठेवल्यात ते विचारा, लॉगबुक मागा ज्यात प्रत्येक स्टेजचं प्रेशर-टेम्परेचर तासातासाला लिहिलेलं असतं. तो इंजिनिअर हुशार आणि सरळ असेल तर त्याला आनंदच होईल, तुमच्यासारखा माणूस त्याला रोज भेटत नाही. सिलिंडरच्या आत, बोअरवर ओरखडे दिसले तर तुम्हाला ते माझ्यापेक्षा आधी दिसतील. टाळाटाळ करायला लागला, सिक्रेट आहे वगैरे म्हणाला तर मग विषय संपला.

बायोगॅस आणि हायड्रोजन दोन्हीला हेच मशीन चालेल हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. शेणाच्या किंवा प्रेसमडच्या (साखर कारखान्यातला गाळ) कच्च्या गॅसमध्ये मिथेन निम्म्याच्या थोडं वर असतं, बाकी कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि हायड्रोजन सल्फाइड, तो धातू खातो. साफ करून 90 टक्क्यांच्या वर मिथेन नेलं तरच ते गाडीत भरता येतं. हायड्रोजनची तर दुनियाच वेगळी, त्यावर खाली सांगलीच्या वाचकाला लिहिलंय. आणि मार्केट फार मोठं आहे म्हणून जी स्लाइड दाखवतात तिच्यावर जाऊ नका. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र सरकारची ‘सतत’ नावाची बायोगॅस योजना आली तेव्हा 2025 पर्यंत 5000 बायोगॅस प्लांट आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस असं टार्गेट होतं, त्याच्या जवळपास पण गाडी गेली नाही. टार्गेट सरकारचं असतं, ऑर्डर कंपनीला मिळावी लागते.

वेळेचं पण सांगतो, कारण दोन वर्षं ऐकून मला हसू आलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू इथं रॅमजेन नावाची छोटी कंपनी होती, नव्वदच्या दशकात सुरू झालेली. सुपरसॉनिक विमानाच्या तोंडाशी हवा जशी शॉकवेव्हने दाबली जाते तसा गॅस दाबायचा, कमी स्टेजमध्ये काम उरकायचं, अशी जबरदस्त आयडिया. सुरुवात वीज बनवायच्या इंजिनापासून केली आणि मग कार्बन डायऑक्साइड कम्प्रेस करण्यावर आले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पैसे दिले, 2008 मध्ये ड्रेसर-रँडसारखी कम्प्रेसरमधली बडी कंपनी पैसे घेऊन सोबत आली, आणि तरी टेस्टिंग करता करता 2014 उजाडलं, तेव्हा ड्रेसर-रँडनेच ते सगळं विकत घेतलं, आणि पुढच्याच वर्षी ड्रेसर-रँडला सिमेन्सने गिळलं. एवढे हात मागे असून इतकी वर्षं लागली. आता तुमच्या भोसरीच्या मुलाचं मशीन त्यामानाने साधं असेल, पण दोन वर्षांत प्रोटोटाइप, परवानग्या, ऑर्डर, नफा आणि आयपीओ?

एसएमई आयपीओचं तर गणित बसतच नाही. आताच्या नियमाने मागच्या तीनपैकी कुठल्याही दोन आर्थिक वर्षांत किमान एक कोटीचा ऑपरेटिंग प्रॉफिट दाखवावा लागतो. ज्याची आज विक्रीच नाही तो दोन वर्षांत हे कुठून दाखवणार?

आणि 15 टक्के नक्की? शेअर दिला तर रिटर्न नक्की असूच शकत नाही. नक्की असेल तर ते डिपॉझिट झालं, आणि प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या माणसाकडून डिपॉझिट घ्यायला कायद्याने मनाई आहे. त्या इंजिनिअरला हे माहीत नसेल असं पण होऊ शकतं, इंजिनिअर लोक सीएला शेवटी विचारतात. कॅशचं तर नावच काढू नका. प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये, म्हणजे कंपनी निवडक लोकांना थेट शेअर देते त्यात, पैसे तुमच्या बँक खात्यातूनच जायला पाहिजेत, कॅश चालतच नाही, त्या दोन लाखांचे शेअर तुम्हाला कधीच मिळणार नाहीत. तुमच्या नावाने पीएएस-4 हे ऑफर लेटर यायला पाहिजे, रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट पाहिजे, पैसे वेगळ्या खात्यात पाहिजेत, 60 दिवसांत अलॉटमेंट म्हणजे शेअर तुमच्या नावावर व्हायला पाहिजेत आणि त्यानंतर 15 दिवसांत पीएएस-3, म्हणजे कोणाला शेअर दिले ते सरकारला कळवायचा फॉर्म, भरायला पाहिजे. हे सगळं नसेल तर ती इन्व्हेस्टमेंट नाही, हातउसने आहेत.

घरी बसून दोन गोष्टी तुम्ही बघू शकता, नातवाला बसवा सोबत. एक म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या साइटवर शंभर रुपये भरले की कंपनीची सगळी पब्लिक कागदपत्रं उघडतात, बॅलन्सशीट, शेअरहोल्डर कोण, बँकेचं कर्ज कशावर आहे. दुसरी म्हणजे पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट शोधता येतं. पेटंट पेंडिंग म्हणजे नुसता अर्ज केलाय, प्रोव्हिजनल अर्ज असेल तर 12 महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो नाहीतर तो गेला. अर्ज 18 महिन्यांनी पब्लिश होतो, त्याआधी साइटवर दिसणार नाही, मग त्यांच्याकडून अर्जाचा नंबर आणि पावती मागा. आणि अर्जदार म्हणून नाव कोणाचं आहे ते डोळ्यात तेल घालून बघा. त्या इंजिनिअरच्या स्वतःच्या नावावर असेल आणि कंपनीच्या नावावर करून दिलेलं नसेल तर तुम्ही पैसे टाकताय ती कंपनी म्हणजे चार लेथ आणि भाड्याची शेड.

आता तुमचा खरा प्रश्न. मशीनने चार-पाच हजार तास खेचलेत, ते पण शेडमध्ये नाही तर कुठल्या तरी पंपावर किंवा प्लांटवर, आणि त्याच गिऱ्हाइकाने दुसरं मशीन मागवलंय, एवढं दिसलं तर एक-दोन लाख टाका, रीतसर, बुडाले तर बुडाले म्हणून. पहिली ऑर्डर ओळखीवर मिळते हो, दुसरी मशीनवर मिळते. नाही दिसलं तर तुमच्या मुलाचं ऐका. दहा लाख मात्र कुठल्याच परिस्थितीत नको, रिटायरमेंटचे पैसे आहेत, आणि अनलिस्टेड म्हणजे बाजारात नोंद नसलेले शेअर विकायला गेलात तर घेणारा मिळत नाही. भाच्याला वाईट वाटत असेल तर त्याला सांगा की मामा आठवड्यातून दोन दिवस शेडवर येऊन बसेल, त्या मुलाला दहा लाखांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं मला तरी वाटतं.

प्रश्न : मी सांगलीची, मेकॅनिकल इंजिनिअर, सहा वर्षं अनुभव. पुण्यातली एक स्टार्टअप हायड्रोजन कम्प्रेसर बनवते, तिथून ऑफर आहे पण पगार आत्तापेक्षा कमी आणि बाकीचं ईसॉपमध्ये (पुढे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क). पैसे टाकत नाहीये पण एका अर्थी टाकतेच आहे ना?

उत्तर : अगदी बरोबर बोललीस, कमी घेतलेला पगार ही तुझी इन्व्हेस्टमेंटच आहे, फक्त तिची पावती मिळत नाही.

हायड्रोजनचा रेणू सगळ्यात छोटा, नॅचरल गॅसला जी सील पुरते तिथून हा आरामात निघून जातो, स्टीलमध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो, आणि हलका इतका की गाडीत पुरेसा भरायचा तर 350 किंवा 700 बारला न्यावा लागतो, सीएनजीचं काम 200 बारवर भागतं. 700 बारला पण एक घनमीटर टाकीत 40 किलोच्या आसपासच मावतो. वर तेलाचा थेंब पण चालत नाही कारण गाडीतला फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवणारा भाग) खराब होतो, म्हणून डायफ्रॅम म्हणजे लवचिक पडद्याचा कम्प्रेसर नाहीतर बिनतेलाचा कोरडा पिस्टन, आणि दोन्हींची दुखणी वेगळी. जगभरातल्या हायड्रोजन पंपांवर दुरुस्तीला सगळ्यात जास्त काय येतं तर त्यात कम्प्रेसर वरच्या नंबरात आहे. म्हणजे प्रॉब्लेम खरा आहे, सोडवणाऱ्याला पैसे मिळतील, काम शिकायला पण भरपूर.

धोका कसा असतो ते सांगतो. जून 2019 मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळ सँडविकाला हायड्रोजन पंपावर स्फोट झाला, पंप नेल या कंपनीने बनवलेला, आणि तपासात निघालं काय तर हाय प्रेशर टाकीच्या प्लगची जोडणी चुकलेली, आतले बोल्ट पुरेसे आवळलेलेच नव्हते. टेक्नॉलॉजी वगैरे काही नाही, बोल्ट. टोयोटा आणि ह्युंदाईने तिथं काही काळ हायड्रोजन गाड्यांची विक्रीच थांबवली. तेव्हा इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा तू पण त्यांचा इंटरव्ह्यू घे, असेंब्लीला टॉर्क रेकॉर्ड (कुठला बोल्ट किती आवळला त्याची नोंद) ठेवता का, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) कुठं करता, पेसोच्या म्हणजे स्फोटक आणि गॅस सुरक्षेच्या केंद्रीय खात्याच्या परवानग्या कुठवर आल्यात. पेसोचं हेड ऑफिस आपल्या नागपूरलाच आहे आणि फ्लेमप्रूफ मोटर-पॅनलपासून सिलिंडरपर्यंत सगळं त्यांच्या हातात असतं, तिथं फाइल अडकली की वर्ष कसं गेलं कळत नाही. डिझाइनवाला या प्रश्नांना नुसता हसला तर जाऊ नको.

ऑर्डर कुठून येणार हे पण विचार. राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनला जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी मंजूर झाले खरे, पण त्यातला मोठा हिस्सा इलेक्ट्रोलायझर (पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) आणि हायड्रोजन बनवणाऱ्यांच्या इन्सेन्टिव्हला आहे, कम्प्रेसरवाल्याच्या दारात थेट काही येत नाही. ऑगस्ट 2022 ला पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरची हायड्रोजन बस आली तेव्हा केवढी हवा झाली होती आठवतंय ना, रस्त्यावर आज किती दिसतात तूच बघ.

ईसॉपमध्ये ग्रँटपासून (हक्क दिल्यापासून) व्हेस्टिंगपर्यंत (तो पक्का होईपर्यंत) किमान एक वर्ष जावंच लागतं, तेव्हा अकरा महिन्यांत सोडलंस तर हातात शून्य. एक्सरसाइज करताना, म्हणजे पैसे भरून शेअर घेताना, शेअरची किंमत आणि तू भरलेले पैसे यातल्या फरकावर पगारासारखा टॅक्स लागतो, शेअर विकता येत नसला तरी, काही सर्टिफाइड स्टार्टअपना तो पुढे ढकलता येतो, तुमची त्यात बसते का ते लेखी घे. आणि नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला किती दिवस देणार ते बघ, तीन महिने लिहिलेलं असेल तर भांडून वाढवून घे. माझं मत विचारशील तर घरचा ईएमआय सांभाळून पगार पुरत असेल तर जा, पण ईसॉपची किंमत शून्य धरून हिशोब कर.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितोय. छोट्या कंपन्यांच्या भानगडीत नाही पडायचं, पण गॅस कम्प्रेशनवर पैसे लावायचे तर लिस्टेड शेअर कुठले?

उत्तर : आपल्या जवळची म्हणजे हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक, सीएनजीचे पॅकेज आणि रिफायनरीतले कम्प्रेसर बनवते. कोइम्बतूरची एल्गी आणि अहमदाबादजवळ नरोड्याला कारखाना असलेली इंगरसोल-रँड इंडिया या दोघी मुख्यतः हवेच्या कम्प्रेसरवाल्या, गॅसचा भाग छोटा. परदेशात पैसे लावायची सोय असेल तर स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरची बुर्कहार्ट. घ्या असं म्हणत नाहीये, भाव काय आहे आणि ऑर्डरबुक म्हणजे हातात ऑर्डर किती आहेत ते बघूनच. एवढं मात्र लक्षात ठेवा की या धंद्यात जुन्या कंपन्यांना स्पेअर आणि सर्व्हिसमधून वर्षानुवर्षं पैसे येत राहतात, मशीन एकदा विकलं की वाल्व्ह, रिंगा, पॅकिंग लागतच राहतात, म्हणून रिझल्ट वाचताना सर्व्हिसचा आकडा वेगळा दिलाय का ते शोधा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी मला न विचारता अशाच एका गॅस कम्प्रेसरच्या कंपनीत चार लाख ट्रान्सफर केले, आठ महिने झाले, शेअर सर्टिफिकेट नाही, डीमॅटमध्ये काही नाही, फोन केला की पुढच्या महिन्यात राउंड (पैसे उभारण्याची फेरी) क्लोज होतोय म्हणतात. अहिल्यानगर.

उत्तर : ताई, राउंड क्लोज होवो न होवो, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. शेअरसाठी पैसे घेतल्यापासून 60 दिवसांत अलॉटमेंट झाली नाही तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत द्यावे लागतात, नाही दिले तर साठावा दिवस संपल्यापासून वर्षाला 12 टक्के व्याजासकट. कंपनी कायदा 2013, कलम 42. आधी मंत्रालयाच्या साइटवर पीएएस-3 भरलाय का बघा, कधी कधी अलॉटमेंट झालेली असते आणि कागद द्यायचा आळस असतो, तसं असेल तर नुसतं सर्टिफिकेट किंवा डीमॅट क्रेडिट मागायचं. नसेल भरला तर ट्रान्सफरची तारीख, रक्कम आणि कलम लिहून डायरेक्टरना पैसे परत मागणारं पत्र पाठवा, मिस्टरांच्या सहीने, कंपनीच्या रजिस्टर्ड पत्त्यावर. उत्तर नाही आलं तर कंपनी जिथं रजिस्टर्ड आहे तिथल्या रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे ऑनलाइन तक्रार. पत्रात कर्ज किंवा उसने हे शब्द कुठेही येऊ देऊ नका, उद्या ते म्हणतील शेअरसाठी नव्हतेच. पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोच सांभाळून ठेवा, व्हॉट्सअॅपवर आता काही बोलू नका. आणि शेअर आले तर मिस्टरांना आयटीआर-1 भरता येणार नाही, अनलिस्टेड शेअर असले की आयटीआर-2 लागतो, तेवढं सीएला आठवणीने सांगा.